खत घातलं तरी बी लवकर उगवत नाही: प्रयोग दरवेळी फसत असेल तर काय तपासायचं

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की सातवी-आठवीची मुलं आणि त्यांचे पालक एकच तक्रार घेऊन येतात. दोन वाट्या घेतल्या, दोन्हींत कापूस ठेवला, एकीत साधं पाणी घातलं, दुसरीत खताचं. खताच्या वाटीतलं बी आधी उगवायला हवं होतं, पण ते उगवलंच नाही. पुन्हा करून बघितलं तर थोडं उगवलं, पण उशिरा. आणखी एकदा केलं तर या वेळी खतवालंच पुढं. आता वहीत निष्कर्ष काय लिहायचा?

जूनमध्ये हाच प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडून वेगळ्या रूपात येतो. खतात मिसळून पेरलेलं सोयाबीन निम्मंच वर आलं, मग बियाणं बोगस होतं का?

दोन्हीकडं गाठ एकाच जागी आहे. खतानं बी लवकर उगवतं हे आपण गृहीत धरलेलं असतं. बहुतेक पिकांच्या बाबतीत ते खरं नाही, आणि खताचं प्रमाण वाढलं की परिणाम थेट उलटा होतो. त्यामुळं खताच्या वाटीतलं बी मागं राहिलं तर तुमचा प्रयोग फसला असं लगेच समजू नका. बऱ्याचदा तो बरोबरच आलेला असतो.

बियाला उगवताना नेमकं काय लागतं

पाणी, हवा आणि योग्य उष्णता. काही बियांना प्रकाश लागतो, काहींना अंधार. खत या यादीत नाही. सोयाबीन, मटकी, हरभरा यांच्या दोन दलांत, आणि गहू, भात, मक्याच्या दाण्यातल्या पिठूळ भागात रोपाची पहिल्या काही दिवसांची शिदोरी भरलेली असते. बी पाणी पितं, फुगतं, आतली विकरं (एन्झाइम) जागी होतात, साठवलेलं पीठ, प्रथिनं आणि तेल मोडून अंकुराला पोहोचतं. बाहेरचं नत्र-स्फुरद घ्यायला मुळं लागतात, आणि मुळं तर अजून फुटायची असतात. मिसळीसाठी घरी मटकीला मोड आणतो तेव्हा ओलं फडकं आणि एक रात्र एवढंच पुरतं. त्या मटकीला खत कुणी घालत नाही.

आता खताच्या पाण्यात काय होतं ते बघा. बहुतेक रासायनिक खतं म्हणजे शेवटी पाण्यात विरघळणारे क्षार. बी पाणी आत ओढत असतं आणि क्षार तेच पाणी बाहेर धरून ठेवतात. पाणी जितकं खारट तितकी बियाची ओढ कमी पडते, फुगायला वेळ लागतो आणि उगवण लांबते. क्षार फारच झाले तर बी फुगूनही कोंब काढत नाही. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड रानांत हे डोळ्यांनी दिसतं. पांढरट थर आलेल्या वाफ्यात ओल असते, तरी बी रुजत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडं भाताच्या बियाण्याला ३ टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोकळ, रोगट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे आणि तळाचं चांगलं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं. हे धुणं चुकवू नका असं बजावून सांगतात, कारण मीठ बियावर राहिलं तर उगवण मार खाते.

एवढं लक्षात ठेवून आता एकेक लक्षण तपासू.

खताच्या वाटीत काहीच उगवलं नाही

नव्वद टक्के वेळा गडबड प्रमाणात असते, असं माझं मत आहे. मुलं ग्लासभर पाण्यात चमचाभर खत घालतात. चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, ग्लास २०० मिलिलिटरचा. म्हणजे लिटरला २५ ग्रॅम झाले. १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं) विद्राव्य खत उभ्या पिकावर फवारतात तेसुद्धा लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास. वाढलेल्या झाडाच्या पानावर जे घालतो त्याच्या पाचपट आपण कोवळ्या कोंबाला पाजतोय. भरीला कापसातलं पाणी रोज उडतं, खत मात्र तिथंच राहतं. दुसऱ्या दिवशी पाणी कमी झालं म्हणून पुन्हा खताचंच पाणी ओतलं की तीव्रता चढत जाते. म्हणून पहिल्यांदा एकदाच खताचं पाणी द्यायचं, नंतर उडालेलं पाणी साध्या पाण्यानं भरायचं. वाटीवर सैल झाकण ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

प्रयोगासाठी एकच तीव्रता घेऊ नका. लिटरला १ ग्रॅम, ५ ग्रॅम, १० ग्रॅम आणि साधं पाणी असे गट करा. घरचा वजनकाटा एक ग्रॅम नीट मोजत नसेल तर १० ग्रॅम खत एक लिटरमध्ये विरघळवा आणि त्यातूनच पुढचे गट पातळ करून घ्या.

युरियाची गोष्ट वेगळी आहे, तिथं थोडं थांबायला हवं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. युरिया पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. मूठभर युरिया टाकून ग्लासला हात लावा, तो गार लागतो. अशा गार पाण्यात लगेच बी टाकलं तर उगवणीला उशीर तिथूनच सुरू होतो, म्हणून द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दुसरं म्हणजे, पाण्याची शुद्धता बघायचं टीडीएस मीटर घरी असेल तर त्यावर युरियाचा भरवसा धरू नका. ते मीटर विद्युतभारित कण मोजतं, युरियाच्या रेणूवर भार नसतो. द्रावण कितीही तीव्र असलं तरी आकडा जवळजवळ साध्या पाण्याचाच दाखवेल आणि तुम्हाला वाटेल प्रमाण ठीक आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अमोनियाची. युरिएज नावाचं विकर युरिया फोडून त्याचा अमोनिया करतं, आणि हे विकर सोयाबीनच्या बियातच भरपूर असतं. १९२६ साली जेम्स समनर यांनी पहिल्यांदा एखाद्या विकराचे शुद्ध स्फटिक मिळवले ते युरिएजचेच, आणि मिळवले तेही आपल्या अबईच्या नात्यातल्या जॅक बीनच्या पिठातून. पुढं १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे सोयाबीन युरियाच्या पाण्यात ठेवलं की बी स्वतःच्याच भोवती अमोनिया तयार करतं, आणि अमोनिया कोवळ्या मुळाच्या टोकाला जाळतो.

हे मुलांना दाखवता येतं. पांढऱ्या कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. वाटीत थोडं भरडलेलं सोयाबीन घ्या, त्यावर युरियाचं पाणी घाला. हळदीची पट्टी पुन्हा किंचित ओली करून झाकणाला आतून चिकटवा, द्रावणाला ती लागू द्यायची नाही. शेजारी तशीच दुसरी वाटी ठेवा, फक्त तिच्यात सोयाबीन घालू नका. काही तासांत पहिल्या वाटीची पट्टी पिवळ्याची तांबूस-तपकिरी होते, दुसरी पिवळीच राहते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो ना, तोच हा गुण. अमोनियाही चुन्यासारखाच अल्कधर्मी. झाकण उघडल्यावर उग्र वास येतो, तेव्हा नाक वाटीत घालू नका, हातानं हवा ओढून वास घ्या. माझ्या मते प्रदर्शनात उगवणीच्या तक्त्यापेक्षा ही पट्टीच जास्त बोलते.

उगवलं, पण उशिरा

इथं क्षारांमुळं उशीर झाला की खतातल्या एखाद्या घटकामुळं, हे वेगळं काढायला हवं. त्यासाठी मिठाच्या पाण्याची एक जादा वाटी ठेवा. बहुतेक प्रकल्पांत ही वाटी नसते, आणि तिच्याशिवाय उत्तर अर्धंच राहतं. युरिया लिटरला ५ ग्रॅम घेतला असेल तर मीठ अडीच ग्रॅम घ्या, कारण ग्रॅमला ग्रॅम मिठाचा पाणी धरून ठेवण्याचा जोर युरियाच्या जवळजवळ दुप्पट असतो. मिठाच्या आणि युरियाच्या वाटीत उगवण सारखीच लांबली तर दोष फक्त पाणी मिळण्याचा. युरियाच्या वाटीत मुळांची टोकं तपकिरी, आखूड आणि मिठाच्या वाटीत पांढरी असतील तर अमोनियाकडं बोट दाखवता येईल.

उशिराचं आणखी एक साधं कारण थंडी. शाळांची प्रदर्शनं बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत असतात. तेव्हा कोल्हापुरात रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. मटकी, मूग, सोयाबीन यांना २५ अंशांच्या वरची ऊब आवडते. एक वाटी खिडकीत आणि दुसरी फ्रिजवर ठेवली तर तुम्ही खत तपासत नाही, जागा तपासताय. सगळ्या वाट्या एकाच ताटात ठेवा आणि ताट रोज फिरवा. हिवाळ्यात प्रयोग करायचाच असेल तर गहू, हरभरा किंवा मेथी घ्या, ती थंडीत कुरकुरत नाहीत.

खतवालं आधी उगवलं

असं झालं की मुलं खूश होतात आणि तिथंच थांबतात. पण दोन गोष्टी बघून घ्या.

उगवण कशाला म्हणताय? पंधराव्या दिवशी पट्टीनं रोपाची उंची मोजून ‘खतानं उगवण वाढली’ असं लिहिलेले तक्ते मी पुष्कळ बघितलेत. ती वाढ झाली, उगवण नव्हे. दलांतला साठा संपत आला की मुळं बाहेरून अन्न घेऊ लागतात आणि तिथं खत खरंच कामाला येतं. उगवण मोजायची तर मूळ दोन मिलिमीटर बाहेर आलं की त्या बियावर फुली, हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहा आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोजा.

दुसरी गोष्ट बियांची संख्या. वाटीत दहा बिया घेतल्या, साध्या पाण्यात सहा उगवल्या, खतात आठ. हा फरक काही सांगत नाही. ज्या बियाण्याची खरी उगवणशक्ती ८० टक्के आहे त्यातून दहा दाणे उचलले तर निव्वळ योगायोगानं सहापासून दहापर्यंत कितीही उगवू शकतात. शंभर घेतले तरी ७२ ते ८८ हा पट्टा नेहमीचाच. म्हणून बीज परीक्षण प्रयोगशाळेत शंभर-शंभरच्या चार गटांत ४०० बिया लावतात. शाळेत एवढं जमत नसेल तर प्रत्येक द्रावणाला २५ बियांच्या चार वाट्या करा. चारही वाट्या एकाच बाजूला झुकल्या तर निकालाला वजन येतं. दोन इकडं, दोन तिकडं असं असेल तर फरक दिसला नाही असं सरळ लिहा. परीक्षकांनाही तेच पटतं.

लवकर उगवणं आणि जास्त उगवणं यातही गल्लत होते. वेग काढायचा तर प्रत्येक दिवशी नव्यानं उगवलेल्या बिया गुणिले तो दिवस, त्यांची बेरीज, भागिले एकूण उगवलेल्या बिया. समजा १०० बियांपैकी साध्या पाण्यात दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी २५ आणि चौथ्या दिवशी ५ उगवल्या. १२० अधिक ७५ अधिक २० म्हणजे २१५, भागिले ९०, सरासरी जवळजवळ २.४ दिवस. खतात दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवशी ४५ आणि चौथ्या दिवशी २० असतील तर २५५ भागिले ८५, म्हणजे ३ दिवस. शेवटी ९० आणि ८५ हे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण वेगातला फरक असा वर येतो.

खतानं उगवण खरोखर सुधारते अशी काही उदाहरणं आहेत आणि ती लपवायचं कारण नाही. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं ताजं बी कधी कधी सुप्तावस्थेत असतं. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण नियमांत अशा बियाण्यासाठी ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटचं पाणी वापरायला सांगितलेलं आहे. हे आपल्या खताच्या दुकानात १३:०:४५ म्हणून मिळतं. ०.२ टक्के म्हणजे लिटरला फक्त २ ग्रॅम. इथं नायट्रेट अन्न म्हणून लागत नाही, ‘आता उगवायला हरकत नाही’ असा संकेत म्हणून काम करतं. प्रदर्शनात वेगळं काही दाखवायचं असेल तर मिरचीचं ताजं बी आणि २ ग्रॅमचं हे द्रावण घेऊन बघा. मात्र मिरचीला वेळ लागतो, निदान दोन आठवडे हाताशी ठेवा.

दरवेळी वेगळंच येतं

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून आणलेल्या मटकीत गणंग असतात. ते पाणी पीतच नाहीत, चार दिवसांनीही खड्यासारखे कडक. एका वाटीत गणंग जास्त गेले की निकाल बिघडलाच. बिया आधी रात्रभर साध्या ओल्या फडक्यात ठेवून न फुगलेल्या काढून टाकता येतात, पण मग पाणी पिण्याचा पहिला टप्पा खतापासून सुटतो. त्यापेक्षा गणंग शेवटी वेगळे मोजून वजा करणं बरं.

कापसात पाणी तुंबू देऊ नका. बियाला हवा लागते. सोयाबीन तर पाण्यात पूर्ण बुडवू नयेच. त्याचं टरफल पातळ, पाणी भसकन आत शिरतं आणि दलांना तडे जातात. कापसापेक्षा ओलं करून पिळलेलं सुती फडकं किंवा टिपकागद चांगला. खताच्या पाण्यात बुरशी लवकर धरते, म्हणून वाट्या उकळत्या पाण्यानं धुऊन घ्या. सगळ्या वाट्यांना एकच पाणी वापरा. नळाचं एका वाटीत आणि बोअरचं दुसऱ्या वाटीत, असं चालणार नाही. गच्चीवर कोकोपीटमध्ये बी लावणाऱ्यांनी कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवावं, त्यात मुळातच क्षार असतात. शेणखत किंवा कंपोस्ट पुरतं कुजलेलं नसेल तर तेही अमोनिया सोडतं.

एक काळजीची गोष्ट. पेरणीचं लाल-गुलाबी-निळं रंगवलेलं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका, त्यावर विषारी औषध असतं. प्रयोगाला किराणा दुकानातलं न रंगवलेलं धान्यच घ्या, आणि प्रयोगातलं उगवलेलं कडधान्य कुणी खाणार नाही याकडं लक्ष ठेवा.

रानात सोयाबीन उगवलं नाही

इथं वाटीतलंच कारण मोठ्या प्रमाणावर घडतं. बी आणि खत पेरणीच्या अवजाराच्या एकाच चाड्यातून सोडलं की दाण्याला दाणा लागून खताची गुळी पडते. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची गुळी विरघळताना तिच्याभोवतीची माती अल्कधर्मी होते आणि तिथंही अमोनिया सुटतो. भरीला युरिया मिसळला असेल तर आणखी. पेरणीनंतर चांगला पाऊस झाला तर क्षार पातळ होऊन खाली जातात आणि काही कळतही नाही. पावसानं आठवडाभर ओढ दिली की त्याच पद्धतीनं पेरलेलं रान मार खातं. ‘गेल्या वर्षी असंच पेरलं होतं, तेव्हा कसं आलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून दोन चाड्यांची कुरी किंवा ट्रॅक्टरचं खत-बी पेरणी यंत्र वापरा, खत बियाच्या पाच सेंटिमीटर बाजूला आणि तेवढंच खाली पडेल असं लावून घ्या. स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही, त्यामुळं ते मुळांच्या वाटेवर हवंच, फक्त बियाला चिकटून नको. बियाला चिकटवायचंच असेल तर रायझोबियम हे जिवाणू खत चिकटवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वापसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय घाई करू नका. पेरणीआधी घरच्या बियाण्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सोयाबीनला प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा ७० टक्के आहे. त्याहून कमी आली तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, फारच कमी आली तर ते बियाणं पेरायचंच नाही.

उगवण झाली नसेल तर तक्रारीआधी ओळी उकरा. बी कोरडं, टणक मिळालं तर ओल कमी पडली. फुगलेलं आहे, मुळाचं टोक तपकिरी, आखूड, आणि शेजारी खताची गुळी दिसते, तर खतानं मारलंय. मऊ पडून वास येतोय तर पाणी तुंबलं किंवा बी मुळातच कमजोर. कोंब वाकून मातीखालीच अडकलाय तर बी खोल गेलं किंवा वरचा थर कडक झाला. बांधाकडच्या ज्या ओळीत खताचं चाडं आधी संपलं होतं तिथली उगवण आवर्जून मोजा, रानातली बिनखताची वाटी म्हणजे तीच. तिथं बी भरघोस असेल तर बियाण्यात दोष नाही. तिथंही विरळच असेल तर पिशवी, टॅग, पावती आणि उरलेलं बी जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती रानात येऊन पंचनामा करते, त्यामुळं तोवर रान मोडू नका.

तुटाळ थोडी असेल तर पुढचा पाऊस होताच नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोका. पुन्हा पेरायची वेळ आली तर खत पुन्हा घालू नका, पहिलं अजून जमिनीतच आहे. कुरी जुन्या ओळीपासून चार बोटं बाजूला धरा, म्हणजे नवं बी त्याच खतावर पडणार नाही.